मला कोयंडा दाखवणाऱ्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

माझ्या भरमू चोराच्या गोष्टीच्या चौथ्या पुस्तकाचे गठ्ठे परवा छापखान्यातून घरी आले. पहिली प्रत खानापूरला तुमच्या लेकीच्या पत्त्यावर धाडली आहे. पण नुसती प्रत धाडून माझं मन भरेना, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. "माझं नाव कुठं घालू नको बाई" असं तुम्ही बजावलंत, ते पाळते. बेळगावच्या खडेबाजारात ज्यांनी तुमच्याकडून कधी किल्ली करून घेतली, ते नावाशिवायही ओळखतील.

2018 च्या पावसाळ्यात मी कपाटाची किल्ली हरवून तुमच्यापुढे उभी राहिले. पिशवीत पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित होतं, 240 पानं. नायक भरमू. धंद्याने चोर, हातात कला असलेला, बंद घरंच फोडणारा. बेळगावात हात मारायचा, माल निपाणीवरून कोल्हापूरला नाहीतर चोर्ल्याच्या घाटातून गोव्यात उतरवायचा. एका रात्रीत तीन राज्यं ओलांडणारा माणूस आपल्याच मुलखात घडू शकतो, ह्याचं मला केवढं अप्रूप होतं! तुम्ही कानस चालवत होता आणि मी विचारलं, "मामा, आठ लिव्हरचं कुलूप तारेनं किती वेळात उघडतं हो?"

कानस थांबली. तुम्ही मान वर करून विचारलंत, "कुणाचं कुलूप?"

गोष्टीतलं म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, मग गोष्ट वाचून दाखव. दुसऱ्या दिवशी पाऊस होता, गिऱ्हाईक नव्हतं. तुमच्या ताडपत्रीखाली स्टुलावर बसून मी पहिलं प्रकरण वाचलं. भरमू ते कुलूप विडी संपायच्या आत उघडतो आणि परत लावून जातो, असा तो प्रसंग. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत. मग म्हणालात, "बरं लिवलंयस. खरं चोर कुलूप उघडत नसतोय पोरी. कोयंडा उपटतोय."

हे वाक्य मी त्याच दिवशी वहीत उतरवलं. ते नीट कळलं मात्र पंधरा दिवसांनी, तुमचा फोन आला तेव्हा. टिळकवाडीत एक घर फोडलं होतं, कुलूप बदलायला तुम्हाला बोलावलं होतं. मालकीणबाईंना आधी विचारून, त्या हो म्हणाल्यावरच तुम्ही मला बोलावलंत.

ते दार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पितळी कुलूप, पोटावर '8 लिव्हर' कोरलेलं, अगदी साबूत. बंदच्या बंद. एका बाजूला कडीत अडकलेलं आणि दुसऱ्या बाजूला उपटलेल्या कोयंड्यासकट लोंबकळणारं. तुम्ही खाली वाकून चौकटीजवळचे स्क्रू वेचलेत आणि माझ्या तळहातावर ठेवलेत. नखाएवढे होते. पावसानं चौकटीचं लाकूड मऊ पडलेलं, कटावणीचा एक हिसका पुरला असणार. दोन हजारांचं कुलूप आणि नखाएवढे स्क्रू! माझं पहिलं प्रकरण तिथंच मोडलं.

आत गेलो तर स्वयंपाकघरात तांदळाचा डबा पालथा, तांदूळभर पायाचे ठसे. डब्यात दागिने ठेवायची बायकांची रीत चोरांना पाठ असते, हे तुम्ही हळू आवाजात सांगितलंत. त्या बाई रडत नव्हत्या. कपाटातले सगळे कपडे, अगदी घडीच्या रेशमी साड्यासुद्धा, त्यांनी धुवायला काढल्या होत्या. "कुणाचा तरी हात लागलाय" एवढंच म्हणत होत्या. परक्याचा हात. मी भरमूच्या हाताचं दोन पानं कौतुक केलं होतं, त्या हाताबद्दल ही बाई असं म्हणत होती.

तुम्ही नवा कोयंडा बसवलात तो आरपार बोल्टांनी, नट आतल्या बाजूला. काम झाल्यावर स्वतः कुलूप लावून दाखवलं नाहीत. किल्ली बाईंच्या हातात दिलीत. "तुम्ही लावा. मी लावून उपयोग नाही." त्यांनी लावलं, काढलं. पुन्हा लावायला सांगितलंत. तिसऱ्या वेळेला तो 'खट्' आवाज झाला तेव्हा त्यांचे खांदे खाली आले, मी बघितलं. मजुरी तुम्ही पूर्ण घेतलीत. परतताना मी विचारलं तर म्हणालात, पैसे घेतले नसते तर तिला वाटलं असतं, आपली कीव केली.

चोर येऊन गेल्यानंतरची सकाळ बघणारा माणूस कोण? पोलीस येतात, पंचनामा करून जातात. शेजारी येतात, बोलून जातात. त्या दारात गुडघे टेकून दोन-दोन तास बसतो तो किल्लीवाला. चोराची गोष्ट लिहायची म्हणजे त्याच्या पाठोपाठ रात्री भिंत चढायची, एवढंच मला ठाऊक होतं. सकाळी त्याच घरात परत जायचं असतं, हे तुम्ही दाखवलंत. मी 90 पानं फाडली. तेव्हापासून प्रत्येक पुस्तकात एक प्रकरण 'सकाळ' नावाचं असतं आणि ते घरच्या माणसाच्या तोंडून येतं. वाचकांची पत्रं येतात ती भरमूपेक्षा त्या प्रकरणाबद्दल जास्त, आणि ते सगळं श्रेय तुमचं आहे.

त्याच सकाळची आणखी एक गोष्ट. तक्रारीची प्रत बाईंच्या हातात होती, कन्नडमध्ये. त्यांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही, आपल्याकडे घरोघरी असतं तसं. तुम्ही चष्मा पुसलात आणि ओळ न् ओळ मराठीत सांगितलीत. एका ठिकाणी थांबलात. चोरीच्या यादीत 'बंगारद सर' लिहिलं होतं, म्हणजे सोन्याचा सर. गेला होता तो सासूबाईंचा कोल्हापुरी साज, सोन्याची पानं ओवलेला. "सर म्हटलं तर उद्या सापडला तरी तुमचा कसा म्हणणार? साज लिवून घ्या, वजन घाला, एक पान वाकलं असलं तर तेही घाला." बाई तशाच पायांनी परत गेल्या आणि दुरुस्ती करून आल्या. आपल्या भागात एक शब्द ह्या भाषेतून त्या भाषेत जाताना केवढं काय गळून पडू शकतं, ह्यावर माझं दुसरं पुस्तक उभं राहिलं.

आणि चौथंही. 1 एप्रिल 2023 पासून सराफाला सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्यावर कोरलेला ओळख-नंबर, असल्याशिवाय सोन्याचा दागिना विकता येत नाही. मुशीत घालून आटवलं की तो नंबर गेला. पण आजीच्या साजावर नंबर कधी नव्हताच. त्याची ओळख म्हणजे घरच्या माणसानं केलेलं वर्णन. चौथ्या भागात भरमू साज आटवायला नेतो आणि वाकलेलं पान बघून थांबतो. ते पान तुमचं आहे, मामा.

'कीलीकै' हे तिसऱ्या भागाचं नावही तुमचंच. कन्नडमध्ये किल्लीला कीलीकै का म्हणतात, असं मी विचारलं होतं. "कै म्हणजे हात. हाताशिवाय कुलपाला काय अर्थ?" एवढं बोलून तुम्ही कामाला लागलात. मी घरी जाऊन रात्रभर लिहीत बसले. वडगावात आमच्या गल्लीत रात्री यंत्रमाग चालतात, त्या खडखडाटात मला लिहायची सवय आहे. भरमूलाही त्या खडखडाटातच काम करायची सवय लावली. वीज जाते, सगळे माग एकदम थांबतात, आणि कौलं उतरवताना छपरावरच तो श्वास धरून बसतो, हा प्रसंग वाचल्यावर तुम्ही पहिल्यांदा म्हणालात, "आता हे खरं."

तुमच्यावर काय गुदरलं होतं ते सांगायला तुम्हाला दोन वर्षं लागली. एक घर काहीही न मोडता उघडलं गेलं होतं. दारावर ओरखडा नाही, म्हणजे किल्लीवाल्याचंच काम, असा हिशोब. दोन दिवस तुम्हाला एका ठाण्यात बसवून ठेवलं. तुमच्या वहीनं तुम्हाला सोडवलं. ती लांब, कापडी पुठ्ठ्याची वही, जिच्यात तुम्ही मूळ किल्ली नसताना केलेल्या प्रत्येक किल्लीचं नाव, पत्ता, फोन लिहून घेता. साबणावर ठसा घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला तुम्ही कधीही उभं केलं नाहीत, हे त्या वहीत दिसत होतं. हे सगळं सांगताना तुमचा हात थांबला नाही, कानस चालूच होती. गोष्टीत घालू का, म्हणून मी विचारलं तेव्हा तुम्ही अट घातलीत: "माझं दुःख घाल, खरं त्या शिपायाचा पोरगा वाचंल असं घाल." म्हणजे चौकशी करणारा माणूसही माणूसच दिसला पाहिजे. मी पाच वेळा लिहिलं ते प्रकरण. जमलं असं तुम्ही म्हणालात म्हणून छापलं.

कायद्याच्या बाबतीत एका वकीलबाईंनी मदत केली, त्यांचेही इथंच आभार मानते. पहिल्या तीन पुस्तकांत रात्रीच्या घरफोडीला भारतीय दंड विधानाची (भादंवि) कलमं 457 आणि 380 लागतात. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे चौथ्या भागात तिची कलमं 331 आणि 305.

आता पुस्तकं लोकांपर्यंत कशी गेली ते. लिहिण्यापेक्षा ते अवघड निघालं. पहिलं हस्तलिखित एका मोठ्या शहरातल्या प्रकाशकानं ठेवून घेतलं आणि कळवलं की बोली फार आहे, पात्रांना प्रमाण मराठीत बोलू द्या. मी जवळजवळ तयार झाले होते. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "भरमू तसा बोलायला लागला तर मी त्याला वळखणार नाही." मग 2019 साली बेळगावातच, स्वतःच्या खर्चानं 500 प्रती काढल्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-नंबर, आपल्या देशात फुकट मिळतो, कागद आणि छपाईला मात्र माझी दोन भिशीची रक्कम गेली.

गठ्ठे घरात पडून होते. तेव्हा तुम्ही एक डबा काढलात, चुकीच्या घासलेल्या किल्ल्यांचा. वर्षानुवर्षांचं भंगार. "ह्या कुठलंच कुलूप उघडत नाहीत. पुस्तकाला बांध." पहिल्या 200 प्रतींना आपण दोघांनी तुमच्या स्टुलावर बसून लाल दोऱ्यानं एकेक किल्ली बांधली, खूण म्हणून. लोक किल्ली हातात घेऊन विचारायचे, ही कशाची? तुम्ही म्हणायचात, "वाचल्यावर कळंल." तुमच्या पेटीवर, कोऱ्या किल्ल्यांच्या तारेशेजारी, पुस्तक उभं असायचं. एका वर्षात 83 प्रती त्या फुटपाथवरून गेल्या. पुस्तकाच्या दुकानात कधी पाऊल न टाकलेली माणसं होती ती: रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बायका, शनिवारच्या बाजाराला येणारे शेतकरी.

आणि संमेलनं! 1946 साली बेळगावच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला हे आम्ही शाळेत ऐकलं. पण मराठी वाचक मला भेटला तो आपल्या गावागावांतल्या छोट्या संमेलनांत. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी. ग्रंथदिंडी, टाळ, भाकरी-झुणका, आणि मांडवाच्या कडेला पुस्तकांची टेबलं. दोन हिवाळे तुम्ही धंदा बुडवून माझ्याबरोबर आलात. टेबलावर जुनी कुलुपं मांडलीत आणि पोरांना ती खोलून दाखवलीत. पोरांमागून आया आल्या, आयांमागून पुस्तकं गेली. एका गावात एक गृहस्थ चिडून म्हणाले, चोराला नायक करता, लाज वाटत नाही? मला बोलता येईना. तुम्ही त्यांच्या हातात पुस्तक उघडून दिलंत, 'सकाळ'चं पान. "हे वाचा आणि मग ओरडा." ते तिथंच उभ्यानं वाचत राहिले. प्रत घेतली नाही, पण पुस्तक ठेवताना मला नमस्कार करून गेले.

बेळगावच्या 1848 साली सुरू झालेल्या सार्वजनिक वाचनालयात आपली प्रत कुणी नेते का, हे बघायला तुम्ही अधूनमधून जात होता, हे मला तिथल्या बाईंकडून खूप नंतर कळलं. पाठीमागच्या चिठ्ठीवरचे तारखांचे शिक्के मोजून यायचात म्हणे. मला कधी बोलला नाहीत.

डोळ्यांच्या ऑपरेशननंतर तुम्ही पेटी बंद केलीत. तुमच्या जागी आता मोबाईलची कव्हरं विकणारा मुलगा बसतो. परवा मी तिथं थांबले, उगीच. त्याला विचारलं, इथं किल्लीवाले बसायचे ते माहीत आहेत काय? म्हणाला, "त्यांनीच ही जागा मला दिली. जाताना माझ्या खोलीचा कोयंडा बदलून गेले."

पाचव्या भागाची पहिली तीन प्रकरणं झाली आहेत. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं खानापूरला येते. अक्षरं मोठी छापून आणते, पण वाचून मीच दाखवीन. लेकीला सांगा, जेवायचं काही करू नको, भाकरी मी बांधून आणते. आणि तिच्या मागच्या दाराचा कोयंडा नुसत्या स्क्रूंवर आहे, हे गेल्या वेळी मी बघितलंय. चार बोल्ट आणते. बसवीन मी, तुम्ही नुसतं सांगा.

तुमची,
वडगावची लिहिणारी