थंडी वाजते ही तक्रार खरी आहे

महोदय,

उन्हाळा लागला की आपल्या कोल्हापुरातील बँका, कार्यालये आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांतले एसी दिवसभर चालू राहतात. बाहेर ऊन तापलेले असताना आत मुली आणि महिला कर्मचारी स्टोल गुंडाळून बसलेल्या दिसतात. एसी थोडा कमी करा म्हटले, तर ‘तुम्हालाच कशी थंडी वाजते?’ असे विचारून त्यांना गप्प केले जाते. हे अन्यायाचे आहे, कारण या तक्रारीला शरीरशास्त्राचा आधार आहे.

शरीरातील उष्णतेचा मोठा वाटा स्नायू निर्माण करतात आणि स्त्रियांच्या शरीरात ते सरासरीने कमी असतात. शिवाय गारवा लागताच हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्याही स्त्रियांमध्ये सहसा अधिक. म्हणून अंगात ताप नाही की अशक्तपणा नाही, तरी बोटे मात्र गार पडतात. माझी मुलगी अभ्यासिकेत उत्तरे लिहिताना मध्येच पेन खाली ठेवून तळहात चोळते, ते काही नाजूकपणामुळे नव्हे.

कार्यालयांतील तापमानाचे जगभरचे प्रमाण 1960 च्या दशकातील एका सूत्रावर बेतलेले आहे आणि त्यात 40 वर्षांचा, 70 किलो वजनाचा पुरुष गृहीत धरला होता, याकडे दोन डच संशोधकांनी 2015 साली लक्ष वेधले. बर्लिनमध्ये पाचशेहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर खोली उबदार होत गेली तशी मुलींची गणिताची आणि भाषेची कामगिरी सुधारली. मुलांची घसरली, पण त्यामानाने कमी. एकेका गुणासाठी झटणाऱ्या मुलींच्या दृष्टीने ही किरकोळ बाब नाही.

मात्र सगळे खापर एसीवर फोडूनही चालणार नाही. राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते, आणि रक्त कमी असले किंवा थायरॉईड मंदावले तरी थंडी जास्त वाजते. ज्यांना पंख्याखालीही हुडहुडी भरते, त्यांनी सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी.

खोलीचे एसी 24 अंशांवरच सुरू व्हावेत, असा नियम 2020 पासून देशात आहे. तरीही रिमोट हाती असलेली व्यक्ती तो 18 वर आणून ठेवते. अभ्यासिका चालकांनी आणि कार्यालयप्रमुखांनी तो 24 च्या खाली नेऊ नये आणि झोताखालची जागा बदलून मागणाऱ्या मुलीला कारण न विचारता ती द्यावी, ही विनंती.

– एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर