‘नंतर वाचू’चं अ‍ॅप म्हणजे संग्रह नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपुरातल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीची तयारी करणारी बरीच मुलं अग्रलेख आणि योजनांची माहिती ‘नंतर वाचू’ म्हणून अ‍ॅपमध्ये साठवतात. सोय मोठीच आहे. शेअर केलं की जाहिराती गळून नुसता मजकूर उरतो, अक्षर मोठं करता येतं, नेट नसतानाही वाचता येतं.

पण जे साठवलं ते कायम आपल्याकडे राहील, हा भरवसा धरू नये. २००७ साली ‘रीड इट लेटर’ नावाने सुरू झालेलं पॉकेट हे असंच अ‍ॅप फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने २०१७ मध्ये विकत घेतलं आणि ८ जुलै २०२५ ला बंद केलं. डेटा उतरवून घ्यायला मुदत मिळाली, पण हाती आली सीएसव्ही फाइल, म्हणजे नुसता तक्ता : शीर्षक, लिंक, तारीख, टॅग. लेखाचा मजकूर त्यात नाही. मूळ पान हललं असेल, तर ती लिंक काय कामाची? त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये ओम्निव्होर हे तसलंच अ‍ॅपही बंद झालं.

मराठी वाचकाच्या अडचणी आणखी वेगळ्या. ई-पेपरचं पान पुष्कळदा चित्र असतं, त्यातून अ‍ॅपला मजकूर काढता येत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला लेख साठवला की अ‍ॅप फॉन्ट गाळतं आणि रोमन अक्षरांचा काला उरतो. शासन निर्णय तर पीडीएफच असतात, ते सरळ डाउनलोड करून ठेवावेत.

लेख साठवल्यावर वायफायवर एकदा उघडा, मग फ्लाइट मोड लावून पूर्ण दिसतो का ते बघा. ‘पुढे वाचा’खालचा भाग अनेकदा आलेलाच नसतो. परीक्षेला लागणारा लेख क्रोममध्ये शेअर, प्रिंट, ‘पीडीएफ म्हणून सेव्ह करा’ या वाटेने फोनमध्ये घ्या आणि फाइलच्या नावात तारीख व विषय घाला. अ‍ॅपमधल्या लेखांची यादी दर महिन्याला एक्स्पोर्ट करा. संगणकाची चांगली जाण असेल, तर स्वतःच्या सर्व्हरवर चालणारं वॉलबॅग हे ‘नंतर वाचू’चं अ‍ॅप उत्तम. त्यातून मजकुरासकट ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल निघते. बाकीच्यांनी त्या खटाटोपात पडू नये.

आपल्यालाही एक विनंती. संकेतस्थळाची रचना बदलाल तेव्हा जुन्या लिंकवरून वाचक त्याच लेखाच्या नव्या पानावर जाईल, एवढी व्यवस्था जरूर ठेवा. आज जुनी लिंक उघडली की अनेक ठिकाणी थेट मुखपृष्ठ येतं आणि लेख गेला कुठे, ते कळायला मार्ग राहत नाही.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर