दुखणं किती आणे? तुमचे शब्द द्या, थोडा वेळ द्या, जमल्यास पैसेही

गेल्या पावसाळ्यात आपल्या वाचनालयाने शाळेच्या व्हरांड्यात जुन्या दुखण्यांचं तपासणी शिबिर घेतलं. तपासायला आले होते भूलतज्ज्ञ. ऑपरेशनला भूल देणारेच डॉक्टर अशा दुखण्यांवरही उपचार करतात, हे आमच्यातल्या बऱ्याच जणांना त्या दिवशी कळलं. त्यांनी एका आजींना विचारलं, "शून्य ते दहा, किती दुखतं?" आजी म्हणाल्या, "गोळ्यांनी चार आणे उतरलंय, बारा आणे आहे तसंच." आणि थोडं थांबून, "ठणकत नाही हो. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरून पिळावी ना, तशी कंबर पिळते." डॉक्टरांच्या कागदावर हे लिहायला जागाच नव्हती. त्यांनी ते समासात लिहून घेतलं.

हे आवाहन त्या समासासाठी आहे.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला वैद्यकात जुनाट वेदना म्हणतात. जखम भरलेली असते, एक्स-रे पुष्कळदा स्वच्छ येतो, पण मज्जातंतू आणि मेंदू हळवे होऊन बसतात. नागीण बरी होऊन वर्ष झालं, तरी सदऱ्याचं कापड घासलं की आग होते. चिकनगुनियाचा ताप आठवड्यात जातो, बोटांचे सांधे मात्र कित्येक महिने सकाळी वळत नाहीत. अशा माणसाला घरात 'नाटकं करतो' हे ऐकावं लागतं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारली, तेव्हा माणूस दुखतंय म्हणतो त्याचा मान ठेवावा, असं स्पष्ट लिहिलं. आपल्याकडे सुनांच्या आणि सासऱ्यांच्या बाबतीत हे कधी पोचेल ते बघायचं.

वेदना मोजायला यंत्र नाही, शब्दच लागतात. ठेच लागल्यावर आपण आधी ती जागा चोळतो. चोळल्याने आराम का पडतो, हे मेलझॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ साली मांडलं: स्पर्शाचे संदेश पाठीच्या कण्यातच वेदनेची वाट काहीशी अडवतात. याच मेलझॅक यांनी पुढे १९७५ साली वेदनेचं वर्णन करणारे ७८ शब्द २० गटांत लावून प्रश्नावली छापली. ते शब्द इंग्रजी. आपल्याकडे कळ, सणक, चमक, ठसठस, भगभग, शिवशिव, उसण, पेटका असा खजिना आहे, आणि प्रत्येकाचं दुखणं निराळं. सणक आणि ठसठस यांवर एकच गोळी चालेल असं नाही, असं डॉक्टर सांगतात.

म्हणून एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांसोबत, त्यांच्या नीती समितीच्या (माणसांवरचा अभ्यास योग्य रीतीने होतो ना, हे बघणाऱ्या समितीच्या) परवानगीने, आपण 'दुखण्याची वही' सुरू करतोय. तीन महिन्यांहून जास्त दुखणाऱ्या ६० जणांनी रोज रात्री दोन ओळी लिहायच्या: कुठे, कसं, काय केल्यावर कमी झालं, झोप लागली का. वहीवर नाव नाही, फक्त क्रमांक. लिहिता न येणाऱ्यांसाठी संध्याकाळी अर्धा तास देणारी मुलंमुली हवी आहेत. आजी सांगेल तसंच लिहायचं, 'सुधारून' नाही. ज्यांना काही दुखत नाही, त्यांनी घरातल्या जुन्या माणसांचे शब्द आणून द्यावेत.

खर्चाचं असं आहे. वह्यांच्या छपाईला ९,००० रुपये, सहभागी मंडळींच्या चार फेऱ्यांच्या एसटी भाड्याला १९,२०० रुपये. ११,५०० जमलेत, १६,७०० कमी पडतात. दहा रुपयेही चालतील, पावती मिळेल. औषधं, पट्टे, तेलं यांच्या देणग्या मात्र घेणार नाही. दोन वर्षांपूर्वी आम्हीच एका तेलवाल्याला व्यासपीठ दिलं होतं आणि आठ दिवसांत अंगावर पुरळ आलेली माणसं दारात उभी राहिली. चूक आमची होती. या उपक्रमात कुणालाही चालू औषधं बंद करायला सांगितलं जाणार नाही.

वाचनालय संध्याकाळी ५ ते ८ उघडं असतं, पण पहिल्या मजल्यावर आहे. गुडघे दुखत असतील तर जिना चढू नका. खाली चहाच्या टपरीवर निरोप ठेवा, आम्ही वही घेऊन खाली येतो.

कार्यकारी मंडळ, सार्वजनिक वाचनालय