आधी गच्चीचा ढाळ बघा, मग फळीचा रंग

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या भागातल्या एका सार्वजनिक इमारतीची गच्ची नागरिकांसाठी खुली करायचे घाटते आहे. वर बाके, कुंड्या, थोडी सावली आणि पायाखाली लाकडासारख्या दिसणाऱ्या, भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या कंपोझिट फळ्या, म्हणजे बाजारात ज्याला डब्ल्यूपीसी डेकिंग म्हणतात ते. कल्पना चांगली आहे. पेठांत काय आणि कर्वेनगरात काय, संध्याकाळी मोकळ्या हवेत टेकायला जागा उरली आहे कुठे? पण त्यासाठी नागरिकांची जी बैठक झाली, तिच्यात पाऊण तास फळीच्या रंगावर खल झाला. सागवानी घ्यायचा की अक्रोडी? गच्चीला ढाळ, म्हणजे पाणी वाहून जाण्यासाठीचा उतार, कुठे आहे, हे कुणीच विचारले नाही. मी तीस वर्षे साइटवर सुपरवायझर होतो, त्यामुळे राहवले नाही.

याच भागात आणखी एका सार्वजनिक इमारतीवर दोन वर्षांपूर्वी असेच डेक बसवले. खाली अभ्यासिका आहे. ठेकेदाराने लोखंडी पाइपांचा सांगाडा गच्चीवर ठेवला आणि तो हलू नये म्हणून ड्रिल मारून अँकर ठोकले, थेट ब्रिकबॅट कोब्यात, म्हणजे गळती रोखणाऱ्या विटांच्या तुकड्यांच्या आणि सिमेंटच्या थरात. पहिल्याच जुलैत स्पर्धा परीक्षेची मुले वह्या छातीशी धरून टेबले सरकवत होती. वर जाऊन मी दाराजवळच्या उघड्या कडेशी पालथा पडलो आणि मोबाइलचा उजेड आत टाकला. बोटभर पाणी साचलेले, त्यात कुजलेला पाला, (बंदी असलेल्या) गुटख्याच्या पुड्या, वळवळणाऱ्या अळ्या आणि कठड्याच्या वाट्यातून (कठडा आणि गच्ची जोडणाऱ्या गोलाईतून) वर आलेले पिंपळाचे रोप. सांगाड्याचे पाइप ढाळाला आडवे टाकल्यामुळे प्रत्येक पाइप म्हणजे एक छोटा बंधारा झाला होता. वरून मात्र डेक फोटो काढण्यासारखे दिसत होते.

म्हणून माझे म्हणणे असे, की फळीची ऑर्डर जाण्याआधी गच्चीवरून पाणी उतरण्याची तोंडे बंद करून दोन दिवस पाणी तुंबवावे आणि खालच्या खोलीचे छत बघावे. पाणी उतरते त्या जाळीकडे १०० ला १ तरी ढाळ मिळतो का, ते पाइप लेव्हलने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) तपासावे. तो नसेल तर आधी कोब्याचे काम. त्यानंतर एकही भोक न पाडता, रुंद बुडाचे, खाली रबर असलेले, उंची कमी-जास्त करता येणारे पायटे (टेकू) ठेवावेत आणि त्यांवर ॲल्युमिनियमचे चॅनेल पाण्याच्या वाटेनेच टाकावेत. घरच्या बाल्कनीत दोन चॅनेलमध्ये सोळा इंच अंतर चालून जाते. सार्वजनिक जागी बारा इंचांपेक्षा जास्त नको, नाहीतर फळी लचकते.

आता वजनाचे. फळ्यांचे स्वतःचे वजन फार नसते, भरीव फळी चौरस मीटरला तीसेक किलो. प्रश्न माणसांचा आहे. आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे, जिथे जाता येते अशा साध्या सपाट छतावर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात. लोक उभ्याने गर्दी करतील अशा जागेला ५०० किलो. विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावरची कुठलीही गच्ची आठवा, म्हणजे दोन्हीतला फरक कळेल. त्यात फूटभर खोल ओल्या मातीचे वाफे कडेने मांडले, की तेवढ्या जागेवर चौरस मीटरला पाचशे किलो मातीचेच झाले. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी दाखला घेतल्याशिवाय ही गच्ची उघडू नये. आणखी एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. डेकमुळे जमीन सहा इंच वर येते, म्हणजे साडेतीन फुटांचा कठडा तीन फुटांचा होतो. लहान पोर त्यावरून सहज ओणवते. दारात नवी पायरी तयार होते, ती वेगळीच. तिथे रॅम्प लागेल.

रंगाबद्दल बोलायचेच तर फिकट घ्या. एप्रिलमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा गडद फळी उन्हात साठ अंशांच्या वर जाते. त्या अभ्यासिकेवर फळ्या मळू नयेत म्हणून ‘पादत्राणे बाहेर काढावीत’ अशी पाटी लावली होती. पुणेकरांनी पाटीचा मान राखला आणि दुपारी तीन वाजता उड्या मारत सावली गाठली! तापली की फळी लांबीत वाढते. थंडीतल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत तीन मीटरच्या फळीत ५ ते ७ मिलिमीटरचा फरक पडू शकतो. तिथल्या सुताराने सफाई दिसावी म्हणून टोकाला टोक भिडवले होते, फटी सोडणे त्याला कामचुकारपणा वाटला असावा. उन्हाळ्यात दोन फळ्या कमानीसारख्या उचलल्या गेल्या आणि एका आजींना ठेच लागली. टोकांची फट किती ठेवायची, हे उत्पादकाच्या कागदावर छापलेले असते. तो कागद सुतारापर्यंत पोहोचला पाहिजे.

‘पाण्याने काही होत नाही’ हे विक्रेत्याचे वाक्य अर्धेच खरे आहे. या फळीत निम्म्याच्या आसपास लाकडाचा भुसा असतो आणि बाकी प्लास्टिक. वाळवी लागत नाही, दरवर्षी तेलपाणी नको, हे कबूल. पण कवच नसलेली फळी पाणी पिते, काळी बुरशी धरते आणि भेळेच्या तेलाचा डाग सोडत नाही. चारी बाजूंनी प्लास्टिकचे कवच असलेली भरीव फळी महाग पडते, तरी आपल्या पावसाला तीच घ्यावी. नमुना हातात घेऊन बघण्यापेक्षा त्यावर बादलीभर पाणी ओतून चालून बघावे. ओल्यात घसरत असेल तर रंग कितीही छान असो, परत पाठवावा. भुसा आणि प्लास्टिक दोन्ही जळणारेच, तेव्हा आगीच्या चाचणीचा दाखला मागावा आणि दिवाळीत तिथे फटाके नकोत.

शेवटचे, जाळीचे. पावसाळ्याचे पाणी ज्या जाळीतून उतरते तिच्यावरच्या दोन-तीन फळ्या स्क्रू काढून उचलता यायला हव्यात आणि हे निविदेत लिहिलेले हवे. अभ्यासिकेवर प्लंबर आला तेव्हा एकही फळी निघेना, सगळ्या क्लिपा एकीत एक अडकलेल्या. शेवटी त्याने करवतीने चौकोन कापला. ते भोक आता कुंडी ठेवून झाकले आहे.

आपला,
एक निवृत्त साइट सुपरवायझर, पुणे