व्ही.पी.तली बाटली

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इंग्रजी अमदानीतल्या औषधांच्या जाहिरातींवर सचित्र लेख आला. चित्रे सुरेख. पण लेखाचा एकूण सूर असा की, एकाच बाटलीने हिवतापापासून बद्धकोष्ठापर्यंत सगळे बरे होते यावर विश्वास ठेवणारी ती माणसे किती भोळी! मी गुहागर तालुक्यातून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो. माझे वडील, अण्णा, इंग्रजांच्या काळात याच पट्ट्यात पोस्टमन होते. त्या बाटल्या त्यांनी स्वतः घरोघर पोचवल्या. म्हणून या भोळेपणाबद्दल दोन शब्द लिहितो.

लेखात जाहिरातीतल्या चित्रांवर भरपूर मजकूर आहे, पण टपालखात्याचा उल्लेखही नाही. १८७७ साली आपल्याकडे व्ही.पी., म्हणजे पोस्टमनला पैसे देऊन पार्सल सोडवून घ्यायची सोय, सुरू झाली आणि १८८० साली मनिऑर्डर. त्याआधी मुंबईची बाटली विकत घ्यायची तर मुंबईला जाणारा माणूस गाठावा लागे. व्ही.पी. आली आणि एका कार्डावर जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या किंवा लाहोरची अमृतधारा थेट कोकणातल्या वाडीत येऊ लागली. नियम असा की, पैसे मोजल्याशिवाय पार्सल फोडता येत नाही. पोस्टमनने ते हातात धरायचे, समोरच्याने ते हलवून बघायचे, कानाला लावायचे. "आधी उघडून बघू दे की," हे वाक्य अण्णांनी किती वेळा ऐकले असेल! मीही ऐकले आहे. पण एकदा पैसे दिले की आतून काहीही निघो, पोस्टाची जबाबदारी संपली. औषधवाल्यांना याहून सोयीचा नियम कोणी करून दिला नसता.

बाटल्या भुशात गाडून लाकडी खोक्यातून येत. पावसाळ्यात बोटी बंद, मग थैला जमिनीवरून, खाड्या तरीने ओलांडत यायचा. एकदा एक बाटली थैल्यातच फुटली आणि सगळ्या टपालाला ओव्याच्या अर्काचा वास लागला, मुंबईहून आलेल्या मनिऑर्डरींच्या फॉर्मांनासुद्धा. गिरणीतल्या मुलाने पाठवलेले पैसे घ्यायला आलेल्या म्हातारीने फॉर्मवर अंगठा उठवला, बोट हुंगले आणि म्हणाली, "आता पोटात दुखायचं नाही आठवडाभर." अण्णा ही गोष्ट सांगताना दर वेळी हसत.

ती म्हातारी भोळी नव्हती. तिच्या वाडीतून रत्नागिरीच्या सिव्हिल इस्पितळात जायचे म्हणजे दुखणेकऱ्याला डोलीत घालून जयगडची खाडी ओलांडायची, आणि बरोबर जाणाऱ्या चौघांची मजुरी बुडवायची. गावात वैद्यबुवा होते, पण त्यांना नाडी दाखवली की संध्याकाळी देवळाच्या पारावर चर्चा. गुप्त दुखणे असेल तर बोलायलाच नको. अशा वेळी 'पत्रव्यवहार खासगी ठेवला जाईल' या एका ओळीत केवढा दिलासा असेल, याचा विचार करा. अण्णांना वाडीतली सगळी गुपिते ठाऊक होती, कारण पत्ता वाचूनच पार्सल कशाचे ते त्यांना कळे. ते कधी कोणाला बोलले नाहीत.

बाटलीत काय असे, तेही लेखात यायला हवे होते. 'पेटंट' म्हणतात त्यातल्या बहुतेक औषधांचे पेटंट कधी घेतलेलेच नव्हते. पेटंट घ्यायचे तर कृती उघड करावी लागते. इथे सगळा धंदा कृती लपवण्यावर आणि नाव नोंदवण्यावर. १९०९ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने विलायतेतल्या नामांकित गुप्त औषधांचे पृथक्करण करून छापले. बीचमच्या जगप्रसिद्ध गोळ्यांत निघाले काय, तर कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण! साडेतेरा पेन्सना विकल्या जाणाऱ्या ५६ गोळ्यांतला माल अर्ध्या फार्दिंगचा, म्हणजे पेनीच्या आठव्या हिश्श्याचा. काळा बोळ आणि सुंठ आमच्या आजीच्या फडताळात कायम असे. साबण तेवढा ती पोटात देत नसे.

सगळीच औषधे पोकळ होती असे मात्र नाही. हिंदुस्थानात लष्करी डॉक्टर असलेल्या कॉलिस ब्राऊनच्या क्लोरोडाइनने जुलाब खरोखर थांबत, कारण त्यात अफूचा अर्क होता. शिवाय क्लोरोफॉर्म आणि गांजा. ग्राइप वॉटर पाजल्यावर रडणारे मूल निवे, कारण जुन्या कृतीत मद्यार्क होता. सहाणेवर मुरुडशेंग, वेखंड उगाळून गुटी देणाऱ्या बाईला हे सांगणार कोण? लेबलावर तर बाळाचे गोंडस चित्र.

आपल्या वैद्यांनीही हा मार्ग धरला. पनवेलला १८७२ साली धूतपापेश्वर कारखाना निघाला. नाव ऐकून आम्हाला राजापूरचे देऊळच आठवते. आसवे-अरिष्टे, म्हणजे आंबवून केलेली पातळ औषधे, बाटलीबंद झाली. कारखान्यात औषध नीट तयार होते हा फायदा खरा, पण नाडीवरचे बोट सुटले आणि रोगी यादी वाचून स्वतःच निदान करू लागला.

एक गोष्ट मात्र आमच्या खात्याच्या बाजूने नोंदवतो. १८९२ पासून बंगालात पोस्टाच्या खिडकीवर एका पैशाला क्विनाईनची पुडी मिळू लागली. हिवतापावर खरा उतारा तो. त्याला ना चित्र, ना प्रशस्तिपत्र, ना 'खोटे ठरवल्यास इनाम'. आणि त्याच खात्याचा पोस्टमन रुपया-दोन रुपयांच्या बाटल्याही वाहत होता.

वर्तमानपत्रांचे काय? पुढच्या पानावर स्वदेशीचा अग्रलेख, मागच्या पानावर धातुपुष्टीच्या गोळ्या. आमच्याकडे पेपर यायचा एखाद्या खोताकडे नाहीतर शाळामास्तरांकडे, आणि मग रद्दी होऊन वाण्याच्या पुडीतून घरोघर. अग्रलेख ज्यांनी कधी वाचला नाही त्यांनीही जाहिरात वाचली. पेपरात छापले आहे म्हणजे कोणीतरी बघितले असेल, हा भरवसा त्या बाटलीला तुमच्या व्यवसायाने दिला.

तो अजून चालू आहे. ज्या पुरवणीत हा लेख आहे, तिच्याच शेवटच्या पानावर 'मधुमेह मुळासकट' घालवणाऱ्या चूर्णाची पाव पान जाहिरात आहे. आमच्या शेजारच्या काकींनी अशाच एका जाहिरातीवरून चूर्ण मागवले होते. घरपोच, पैसे डबा आल्यावर. पोरगा मोटारसायकलवरून आला, आधी पैसे, मग डबा. मी ओटीवरून बघत होतो. मला माझी खिडकीच आठवली. काकींनी डॉक्टरांच्या गोळ्या निम्म्यावर आणल्या आणि महिन्याभरात चक्कर येऊन मागीलदारी पडल्या. जिल्ह्याच्या गावी चार दिवस काढून घरी आल्या, तरी डबा अजून फळीवर आहे. टाकवत नाही म्हणतात, पैसे दिलेत.

१९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय कायद्यात ज्या रोगांवरच्या उपचारांची जाहिरात करायला मनाई आहे, त्यांच्या यादीत मधुमेह आहे. बंदी फक्त विकणाऱ्यावर नाही. अशी जाहिरात प्रसिद्ध करण्यात कोणताही भाग घेण्यावर आहे. 'मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही' ही चौकटीतली बारीक ओळ तिथे कितपत उपयोगी पडेल, ते आपल्या वकिलांना विचारावे.

माझी विनंती एवढीच की, गेल्या रविवारची ती पाव पान जाहिरात छापण्यापूर्वी आपल्याकडे कोणी वाचली, आणि येत्या रविवारी ती पुन्हा येणार आहे का, हे याच सदरात कळवावे.

आपला,
एक निवृत्त पोस्टमास्तर
ता. गुहागर, जि. रत्नागिरी