मांडीखाली हात दाबून बसलेल्या पोरीस

पोरी,

नाव लिहू नका काका, असं तू बजावलंस, म्हणून नुसतं पोरी. तुझे वडील बावीस वर्षं आमच्या काट्यावर तोलाईला आहेत, तेवढ्या हक्कानं. माझ्या प्रोग्रॅमसाठी तू जे केलंस त्याच्या आभाराचं हे पत्र चारचौघांत वाचलं जाणार, हे तुला आधीच सांगितलंय. ‘मग जास्त कौतुक नको,’ म्हणालीस. बघू किती जमतं ते.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. मी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी. वय छप्पन्न, शिक्षण बी.कॉम. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये यार्ड थंड होतं तेव्हा पोराच्या जुन्या लॅपटॉपवर पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकलो आणि पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या कागदाचा, प्रोग्रॅम लिहिला. काळी स्क्रीन, त्यावर एकेक हुकूम टाइप करायचा. शेतकऱ्याचा नंबर दिला, रव्यांची, म्हणजे गुळाच्या ढेपांची, वजनं दिली, शेवटी ‘पट्टी’ म्हटलं की हमाली, तोलाई, अडत धरून हिशोब तयार. पायथनबरोबर सीएमडी नावाची एक छोटी लायब्ररी, म्हणजे तयार लिहिलेला कोड, फुकट येते, तिच्यावर हे सगळं उभं आहे. तुम्ही फक्त ‘डू’पासून सुरू होणारी फंक्शनं लिहायची, हुकूम ओळखायचं काम ती करते. मला ती फार आवडली होती. गुऱ्हाळावर काहील, चुलवाण तयार मिळावं आणि आपण फक्त रस ओतावा, तसं.

अडचण एकच. ते कीबोर्डशिवाय कुणाचं ऐकत नव्हतं आणि माझ्या स्क्रीनशिवाय कुठं बोलत नव्हतं. काटा इलेक्ट्रॉनिक, त्याला मागून वायर जोडायची सोय आहे, पण तुझे वडील ओरडणार ‘दहा पाच!’ आणि मी टाइप करणार. आता दहा पाच म्हणजे दहा किलो पाच ग्रॅम, पन्नास ग्रॅम, का पाचशे? हंगामात सकाळच्या गलक्यात हे रोज. तुझ्या वडिलांचा घसा संक्रांतीपर्यंत बसलेला असतो हे तुला सांगायला नको. स्क्रीन माझ्या तोंडाकडे, शेतकरी पलीकडे उभा. मी काय टाइप केलं ते त्याला पट्टी हातात पडल्यावरच कळायचं.

यावर मी काय गप्प बसलो होतो? ज्यांच्याकडून दुकानानं पूर्वी सॉफ्टवेअर घेतलं होतं त्यांना फोन केला. काटा जोडायचा म्हणजे वेगळं मॉड्यूल, पंचेचाळीस हजार, वर दरवर्षीचं देखभालीचं एएमसी, आणि ‘तुमचा तो घरगुती प्रोग्रॅम आधी काढून टाका.’ मग ओळखीतून एक हुशार मुलगा आला. आल्या आल्या कीबोर्ड माझ्यापुढून ओढला. ‘काका, काळी स्क्रीन? हे काय पिक्चरमधल्या हॅकरसारखं!’ हसला, सगळे हसले, मीही हसलो. तासभर खटाखट काहीतरी केलं, ते चालेना, सोमवारी येतो म्हणाला. किती सोमवार गेले ते मी मोजायचं सोडलं. त्यानं काय बदललं होतं ते शोधून परत जागेवर आणायला मला चार रात्री लागल्या. पैसे त्यानं घेतले नाहीत, एवढं त्याच्या बाजूनं लिहायला हवं.

आणि मग वसुबारसेच्या संध्याकाळी तू वडिलांना न्यायला आलीस. ‘बाबा म्हणतात तुम्ही प्रोग्रॅम लिहिलाय. बघू की काका.’

मी सवयीनं उठून खुर्ची दिली. तू स्टूल ओढलंस, माझ्या शेजारी बसलीस आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून घेतलेस. मला वाटलं थंडी वाजतेय. अर्ध्या तासानं विचारलं तर म्हणालीस, ‘हात शिवशिवतात काका. मी नोकरीला लागले तेव्हा आमचे एक सीनियर कीबोर्ड ओढून घ्यायचे. काम व्हायचं, मला काही यायचं नाही.’

पोरी, दोन संध्याकाळी मिळून तू सहा तास बसलीस. एकदाही कीबोर्डला बोट लावलं नाहीस. मी ‘सेल्फ’ विसरलो, कंस विसरलो, एकदा अख्खी फाइलच बंद केली, तुझे खांदे नुसते उडायचे, पण हात मांडीखालीच. चहा आला तेव्हा एक हात बाहेर काढलास, पिऊन झाल्यावर परत आत. मी छत्तीस वर्षं नोकरी केली. शिकवणारे भेटले, शिकवतो म्हणून ऐकवणारे त्याहून जास्त. माझ्यासाठी स्वतःचे हात असे कुणी बांधून घेतले नव्हते.

काय केलं ते थोडक्यात लिहितो, कारण तुझ्यासारखंच कुणीतरी वाचेल आणि त्याच्या उपयोगी पडेल.

माझं दुखणं असं होतं : सीएमडीचा वर्ग (क्लास, म्हणजे कोडचा साचा) सुरू करताना इनपुट कुठून घ्यायचं आणि आउटपुट कुठं द्यायचं हे सांगायची सोय आहे, एसटीडी-इन आणि एसटीडी-आउट. हे मला माहीत होतं. मी इनपुट म्हणून काटा दिला. प्रोग्रॅम चूक दाखवत नव्हता आणि ऐकतही नव्हता, आपला कीबोर्डाकडेच बघत बसायचा. तीन आठवडे मी वायर बदलत होतो. तू लायब्ररीचीच फाइल उघडायला लावलीस. मला वाटायचं ते सगळं बंद पेटीत असतं. तर जेमतेम चारशे ओळी, साध्या पायथनमध्ये. ‘वाचा की मोठ्यानं, हेही कुणी माणसानंच लिहिलंय.’ मी वाचत गेलो आणि सापडलं. ‘यूज रॉ-इनपुट’ नावाचं एक बटण आहे, ते मुळात चालू असतं, आणि ते चालू असेपर्यंत तुम्ही दिलेला एसटीडी-इन तो विचारातच घेत नाही. ते बंद केलं, झालं. माहितीपत्रकातही हे लिहिलेलं आहे. मी वाचलं नव्हतं, आणि पंचेचाळीस हजारवाल्यांनी तर प्रोग्रॅम बघितलाच नव्हता.

मग तू म्हणालीस की सीएमडीला कीबोर्ड नको, काटाही नको. ‘रीडलाइन’ म्हटल्यावर एक ओळ देणारी कुठलीही वस्तू चालते. बोलायलाही तसंच, ‘राइट’ आणि ‘फ्लश’ समजणारी कुठलीही वस्तू. मी पंधरा ओळींचा एक वर्ग लिहिला. तो कीबोर्डचं ऐकतो, काट्याचंही ऐकतो, आणि काट्याकडून नुसता आकडा आला तर त्याच्यापुढं ‘वजन’ हा हुकूम लावून आत सोडतो. दुसरा त्याहून लहान. आलेला मजकूर माझ्या स्क्रीनवर लिहितो आणि गल्ल्यावरच्या जुन्या मॉनिटरवरही, ज्याचं तोंड आता शेतकऱ्याकडे आहे. एवढं करूनही अर्धं आउटपुट माझ्याच स्क्रीनला चिकटलेलं, कारण मी जागोजागी नुसतं ‘प्रिंट’ वापरलं होतं आणि ते एसटीडी-आउट बदललाय हे जाणत नाही. त्रेसष्ट ठिकाणी. त्या रात्री घरी बसून एकेक बदललं. सगळे एकदम बदलायची युक्ती तुला नक्की ठाऊक होती. सांगितली नाहीस, आता कळतं का ते.

मधेच तू जुनी गोष्ट सांगितलीस. डग मॅकिलरॉय नावाच्या माणसानं १९६४ मध्येच लिहून ठेवलं होतं की बागेतले पाण्याचे पाइप जोडतात तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यायला हवेत, आणि १९७३ मध्ये युनिक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ते खरंच आलं. तुझे वडील दारात तंबाखू मळत ऐकत होते. म्हणाले, ‘म्हंजे पीव्हीसीचा सॉकेट की!’ तू म्हणालीस, व्हय बाबा. मला तिथं जे कळलं ते तीन आठवड्यांत कळलं नव्हतं.

आता ती रव्याची गोष्ट. गेल्या हंगामात भुदरगडाकडचा एक शेतकरी एसटीनं परत यार्डात आला होता, हातात पट्टी. ‘दिवाणजी, माझे रवे सत्तावीस. तुमच्यात अठ्ठावीस कसे?’ जास्तीचे पैसे मोजून टेबलावर ठेवले आणि चहाही न घेता गेला. एसटीचं भाडं त्याच्या पदरचं. चूक माझी, एवढंच मी धरलं होतं. तू लायब्ररीची तीच फाइल आणखी खाली वाचायला लावलीस. रिकामी ओळ आली, म्हणजे नुसतं एंटर दाबलं, की सीएमडी शेवटचा हुकूम पुन्हा चालवतो! मुळातच तशी रीत आहे. ‘वजन’ टाकून हात चुकून एंटरवर पडला की तोच रवा पुन्हा जमा. काट्याकडून तर मधे मधे रिकाम्या ओळी येतात. तसंच जोडलं असतं तर दर रवा दोनदा मोजला गेला असता. आम्ही ‘एम्प्टीलाइन’ आपलं लिहून घेतलं : रिकाम्या ओळीला काही करू नकोस.

आणि मग तू ते सुचवलंस, ज्याला मी ‘सौदा न भरवता सौदा’ म्हणतो. इनपुट कुठूनही घेता येतं, तर कच्च्या वहीतूनही घेता येईल. तुझ्या वडिलांच्या हस्ताक्षरातली एका दिवसाची वजनं मी फाइलीत उतरवली, ‘स्ट्रिंग-आयओ’ नावाच्या नुसत्या मेमरीतल्या कागदातून प्रोग्रॅमला वाचायला दिली, उत्तर तशाच दुसऱ्या कागदावर घेतलं आणि त्या दिवशीच्या छापील पट्ट्यांशी ताडून बघितलं. काटा नाही, हमाल नाही, गलका नाही. दोन पट्ट्या जुळल्या नाहीत. दोन्हींत एकेक रवा जास्त. ते दोघे परत आले नव्हते, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा, छापील कागदावर माणूस विश्वास ठेवतो. सेठना सांगितलं. सेठनी काय केलं ते सेठना विचार. पण तो भुदरगडचा माणूस माझ्या डोळ्यापुढून हलत नाही. यार्डात आजही निम्मा व्यवहार शब्दावर चालतो तो अशांच्या जिवावर, आणि आम्ही मात्र चर्चा करतो ती बुडवणाऱ्यांची.

पाडव्याच्या मुहूर्ताला सेठनी नवीन काही लावू दिलं नाही. तू भाऊबीज करून परत गेलीस, आणि त्यानंतरच्या पहिल्या सौद्याला वायर जोडली. पहिला रवा काट्यावर चढला, मॉनिटरवर आकडा उमटला. सवयीनं तुझे वडील ओरडलेच, ‘दहा पाच!’ पलीकडचा शेतकरी स्क्रीन बघून म्हणाला, ‘दहा पॉइंट शून्य पाच. दिसतंय की.’ तुझे वडील जरा हिरमुसले. दुपारी हळूच विचारलं, आमची तोलाई तर जात न्हाई ना? म्हटलं काटा कुणी बघायचा, रवा फुटका का ओला ते वायर सांगणार आहे काय? तू फोनवर त्यांच्याशी एकदा बोल, तुझं ते जास्त ऐकतात.

पैशाचं विचारलं तर चिडलीस, म्हणून एक दहा किलोचा रवा वडिलांबरोबर घरी पाठवला आहे. बिनसाखरेचा, माझ्या समोर उतरवलेला. त्याची पट्टीही रीतसर काढली आहे, शेतकऱ्याच्या जागी तुझं नाव. वजन काट्यानं स्वतः भरलं आहे, १०.०५. हमाली शून्य, तोलाई शून्य, अडत शून्य. खाली प्रोग्रॅमनं ‘देय रक्कम’ म्हणून जो आकडा छापला आहे तो दुरुस्त करायचा आहे, तो मी केलेला नाही. पुढच्या सुट्टीत आलीस की बघू. स्टूल तिथंच आहे.

तुझा,
दिवाणजी काका