चांदवडहून आल्यावर

नाशिक, रविवार रात्र

प्रिय सुमे,

तुझ्या पत्राला महिना झाला, उत्तर राहिलंच. रागावली असशील तर राग जरा बाजूला ठेव, कारण काल मी चांदवडचा रंगमहाल बघून आले. हसू नकोस. माहेर मालेगावचं असल्यानं लाल डब्यातून त्या गावावरून शंभरदा तरी गेले असेन, पण चांदवड म्हणजे काय, तर स्टँडवरचा चहा आणि खिडकीतूनच रेणुकामातेला जोडलेले हात. गेल्या दिवाळीत तू इंदूरचा राजवाडा दाखवलास, खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी, आणि वर विचारलंस, "तुमच्या नाशकात आहे का गं असलं काही?" तेव्हा गप्प बसले होते. आहे बाई. पासष्ट किलोमीटरवर आहे आणि तुझ्याच होळकरांचं आहे.

गावातून चालता चालता एकदम उंच भिंत आणि बुरूज पुढ्यात येतात. वाडा कसला, गढीच ती. आत मात्र सागवानी खांब, कोरीव महिरपी, आणि भिंतींवर चित्रं. चित्रं म्हणजे उरलीत तेवढी. एका कोपऱ्यात वेलबुट्टी होती, तिचा तांबडा रंग अजून असा की कालच भरलाय. त्या वेलीच्या मधोमध कुणा शहाण्यानं किल्लीनं बदाम कोरून दोन अक्षरं टाकलीत. मी रुमालानं धूळ टिपायला गेले आणि हात मागे घेतला. पोपडाच हातात आला असता. दोन खोल्यांना कुलूप होतं. किल्ली ज्यांच्याकडे ते जेवायला गेलेले, आणि ते जेवण काही संपेना.

पण वाड्यातल्या बारवेनं, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीनं, सगळं वसूल झालं. वर उन्हानं डोकं तापलेलं, आणि पायऱ्या उतरत गेलं की अंगावर काटा येईल असा गारवा. ह्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला, तर डोक्यावरून वटवाघूळ गेलं. मग मी एकटीच खाली उतरले. हे 'फोटो काढतो' म्हणून वरच!

तिथे बसल्यावर डोक्यात आलं, की आपल्या दारावरून जाणारा आग्रा रोडच पुढे तुझ्या इंदूरला जातो. अहिल्याबाईंचा कारभार महेश्वरहून चालायचा, पण माळव्यातून दक्षिणेत उतरायची वाट हीच, तेव्हा चांदवड हातात हवंच. इथे टांकसाळ होती, चांदवडी रुपया पडायचा. आणि आपण दोघी तीस वर्षं म्हणतोय, किती लांब पडलो गं!

मग रेणुकामातेकडे पायी निघालो. रस्ता साधाच, वाट दाखवायलाही कुणी लागत नाही. फाट्यावर पेरू विकणाऱ्या आजी म्हणाल्या, नवरात्रात देवीचे दागिने वाड्यातून पालखीनं ह्याच वाटेनं जातात. त्यानंतर तीच वाट मला वेगळी वाटायला लागली. उगाच हळू चालले. देऊळ डोंगराच्या कुशीत, कातळाला लागून. बाहेर महामार्गावर ट्रकांची घरघर, आत गाभाऱ्याशी समईची वात हलतसुद्धा नव्हती. ओटी भरली, तुझ्याही नावानं एक नारळ फोडला. त्याचे पैसे तुझ्याकडे बाकी.

डोंगरावरच्या चंद्रेश्वराच्या देवळाला मात्र रिक्षा केली, गुडघे तुला माहीतच आहेत. वरून खाली सगळी शेतं दिसतात, मागे सातमाळा डोंगररांग. चांदवडच्या किल्ल्याचा कातळ नुसता बघितला आणि नमस्कार केला. आमचा भाचा जवळच्याच इंद्राई किल्ल्यावर जाऊन आलाय, राजदेहेरवाडीहून चढायचं. कातळ कापून मध्ये पायऱ्या काढल्यात म्हणतो, वर लेण्यांची रांग आणि पाण्याची टाकी. तुझ्या लेकीला तिकडे पाठवू, आपण खाली झाडाखाली डबा उघडून बसू.

तर डिसेंबरात यायचं आहेस. नाशिकपर्यंत येऊच नकोस, इंदूरच्या गाडीतून चांदवडलाच उतर, मी इकडून येते. त्या कुलपाच्या खोल्या दोघी मिळून बघू. तू बोलायला लागलीस की किल्लीवाले जेवण टाकून येतील. येताना शेव आण, लवंगेची. मागच्या वेळची ह्यांनीच संपवली.

तुझी,
मंदा